रक्ताच्या नमुन्याची नक्कल

मानवजातीच्या नैतिक इतिहासात नागभीडचं नाव एक दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तूर्तास ते रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत आहे आणि पाटीखाली बकऱ्या बसतात. पण चंद्रपुरात वैद्यकीय संशोधनावर नजर ठेवणारी एक नीतिसमिती आहे, तिच्यात नागभीडचा एक सदस्य आहे, आणि तो मी. समितीत डॉक्टर असतात, वकील असतात, आणि यातलं काहीच कळत नाही असा एक जण नियमानुसार असावाच लागतो. समितीच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘सामान्य व्यक्ती’ असं छापलं आहे. छापील पुरावा मिळाला म्हणून घरी फार आनंद झाला.

यंदा डॉ. रुपालींनी तक्रार केली. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, त्यांना सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या अभ्यासासाठी रक्त तपासायचं होतं आणि गाव तयार नव्हतं. संमतीचा फॉर्म लोकांना समजतो की नाही, हे बघायला अध्यक्षांनी मला पाठवलं. न समजण्याचा अनुभव माझ्याइतका कोणालाच नव्हता.

मोहाची फुलं नुकती गळायला लागली होती. आम्ही बुधरीबाईंच्या अंगणात बसलो. सत्तरीच्या या गोंड बाई म्हणजे गावाच्या वनहक्क समितीच्या अध्यक्ष. जंगलातल्या जमिनीचा पट्टा मिळवायला त्यांनी अकरा वर्षं कचेऱ्या झिजवल्या, त्यामुळे कागद दिसला की त्या आधी शिक्का बघतात. शेजारी त्यांची नात स्वाती गुडघे दाबत बसली होती. वय वीस, आणि लहानपणापासून हाडं दुखायची. तीन वर्षांपूर्वी कुठलीशी एक टीम आली, पोरीचं रक्त बाटलीत घालून घेऊन गेली. मग टीमही आली नाही आणि उत्तरही नाही. गाव अडून बसलं होतं ते यासाठी.

रुपालींनी फॉर्म वाचला, “सदर संशोधनाकरिता रक्ताचा नमुना देण्यास माझी स्वेच्छेने संमती आहे.”

बुधरीबाईंनी हात वर करून थांबवलं. “नमुना म्हणता ना?”

“हो.”

“मंग नक्कल कुठी हाय?”

रुपाली माझ्याकडे पाहू लागल्या. मला मात्र पहिल्यांदाच काहीतरी समजलं होतं. या गावांत नमुना म्हणजे तलाठ्याचा नमुना. नमुना सात, नमुना बारा, नमुना आठ-अ. बुधरीबाईंच्या हिशेबी रक्ताचा नमुना त्याच कचेरीतला, फक्त पुढच्या नंबरचा.

नमुना म्हणजे सॅम्पल, हे सांगायला रुपालींनी तोंड उघडलं. मी जोरात खोकलो. चूक सुधारण्याजोगी असली तर सुधारावी. ही चूक आमच्या फॉर्मपेक्षा बरोबर होती.

“नमुना ज्याच्या नावानं, नक्कल त्याले,” बुधरीबाई म्हणाल्या. “तलाठी बी नाई म्हणत नाई. अन् आज या बिमारीसाठी रक्त नेलं, उद्या दुसऱ्याच कामाले लावलं, तं तो फेरफार झाला. फेरफाराले नोटीस लागते. तुमच्या कागदात नोटीस काऊन नाई?”

रुपाली भराभर लिहून घेत होत्या. मी झाडाकडे बघत होतो. कारण त्या फॉर्मच्या नवव्या पानावर ‘भविष्यातील अनुषंगिक संशोधनासही संमती’ असं एक कलम होतं. ते आम्ही चार बैठका घेऊन मंजूर केलं होतं आणि त्याखाली एका सामान्य व्यक्तीची सहीही होती.

नाव कमी करायचं असेल तर अर्ज कोणाकडे द्यायचा, हेही बाईंनी विचारलं. रुपालींनी तोही प्रश्न लिहून घेतला.

चंद्रपुरात परतल्यावर फॉर्म एका पानाचा झाला. नक्कल मिळेल, नोटीस दिल्याशिवाय फेरफार नाही, केव्हाही नाव कमी करता येईल. ‘फेरफार’ हा शब्द वैद्यकीय नाही, असं अध्यक्ष कुरकुरले. मी म्हटलं, समजतो हाच त्याचा दोष असेल तर ठेवू या. ठेवला. गावानं एका बैठकीत होकार दिला आणि एकेकानं आपापली सही करून रक्त दिलं.

मोह संपत आला तेव्हा आम्ही निकालाची पाकिटं घेऊन गेलो; वेचलेली शेवटची फुलं बुधरीबाईंच्या अंगणात वाळत घातली होती. रुपालींनी स्वातीचं नाव वाचलं. बुधरीबाईंनी हात पुढे केला. तीन वर्षं ज्या कागदासाठी भांडल्या, तो वीतभर अंतरावर होता.

रुपालींनी तो दिला नाही. “बुधरीबाई, नमुना स्वातीच्या नावानं आहे.”

बाई म्हणाल्या असत्या की पोर माझी, भांडण माझं, तर आमच्यात त्यांना उत्तर देणारा कोणी नव्हता. तो हात तसाच राहिला, मग त्यांनी तो पदराला पुसला.

“बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. आणि नातीकडे वळून, “घे. वाटलं तं सांग मले, नाई तं नको सांगू.”

स्वातीनं कागद दोनदा वाचला. डॉक्टरांना हळू आवाजात काही विचारलं. मग आजीजवळ येऊन बसली. “आजी, सिकलसेल आहे. गोळ्या भेटतेत. दर महिन्याले दवाखान्यात जा लागते, बस.”

“म्हणजे नाव चढलं,” बुधरीबाई म्हणाल्या. “इतकी वर्सं दुखन्याले नावच नोतं.”

माझा ऊर भरून आला. मोठमोठ्या समित्यांना जे नवव्या पानापर्यंत सापडलं नाही, ते आमच्या या जंगलातल्या एका बाईनं तलाठ्याच्या भाषेत सांगितलं होतं, आणि स्वतःवर उलटलं तेव्हाही पाळलं होतं. सामान्य व्यक्तीला इतका अभिमान परवडतो की नाही, कोण जाणे. मी उठलो, घसा साफ केला, एक पाऊल पुढे टाकलं आणि सुरुवात केली की, बुधरीबाई, आज या अंगणात वैद्यकीय नीतिशास्त्रानं...

“भाऊ,” त्या मध्येच म्हणाल्या.

“बोला ना, बाई.”

“जरा पाय सरकवा. मोह चेंदून राह्यला.”