ताईने मला सजवलं तो दिवस

मी एक बुटका घोडा बोलतोय. लोक मला पोनी म्हणतात. आमच्या पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दारकाका सरळ ‘बुटक्या’ म्हणतात. घोड्यांच्या प्रदर्शनात मला एकदा पहिला नंबर मिळाला होता. त्या दिवसाबद्दल सांगायचंय, पण आनंदाने नाही.

माझ्यावर पहिल्यांदा खोगीर चढलं ते ताईसाठी. ती अकरा वर्षांची, मी चारचा, दोघंही अडाणी. ती माझ्यावर लगाम धरायला शिकली आणि मी तिच्यामुळे पाठीवरचं माणूस सांभाळायला. तीन वर्षं एकच ध्यास होता, प्रदर्शनाच्या रिंगणात उतरायचं.

दोन महिने उरले होते. सरावाच्या वेळी कुंपणावरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली. मी बुजलो, उसळलो. ताई पडली, तिचा पाय रिकिबीत अडकला. मी थांबायला हवं होतं. मी पळालो.

त्यानंतर ती आली ती कुबड्या घेऊन. डावा गुडघा आता कधीच वाकणार नव्हता. मी मान खाली घालून उभा राहिलो. तिने माझ्या कपाळावरचे केस बाजूला सारले आणि धाकट्या बहिणीला हाक मारली, “ये गं. आता तू बसायचंस.”

“ताई, मला नाही बसायचं. तुला पाडलं त्याने.”

“घाबरला होता बिचारा. चढ.”

प्रदर्शनाच्या सकाळी ताईने मला खरारा केला, डोळे आणि नाकपुड्या ओल्या फडक्याने पुसल्या, आयाळीच्या बारीक वेण्या घालून त्या दोऱ्याने शिवल्या. खुरांना तेल लावायला तिला वाकता येईना. ती पाय लांब करून जमिनीवरच बसली.

“अगं, खुरांचं मी बघतो की!” काका म्हणाले.

“नको काका. आज सगळं मीच करणार.”

मग धाकटीची पाळी. ताईने स्वतःसाठी शिवून घेतलेला, एकदाही न घातलेला कोट तिला चढवला. बाह्या लांब होत होत्या, त्या आतून दुमडून टाके घातले. “मान वर, टाचा खाली. आणि रिंगणात माझ्याकडे बघायचं नाही.”

“का गं?”

“तू बघितलंस की मला रडू फुटेल.”

रिंगणाभोवती झेंडे फडफडत होते. माझ्या अंगावर काटा आला, पण मी एक पाऊलही वाकडं टाकलं नाही. पहिला नंबर आला, बक्षिसाची फीत मिळाली. धाकटी धावत ताईकडे गेली, “ही फीत तुझी!”

ताई हसली. तिने फीत धाकटीच्याच कोटाला लावली. मग माझ्याजवळ येऊन एकेक वेणी सोडवली, सगळे दोरे काढले, बराच वेळ माझ्या मानेला गाल लावून उभी राहिली. आणि गेली. ती पुन्हा पागेत आलीच नाही.

“विचारलं तिला,” धाकटी एकदा काकांना सांगत होती. “म्हणते, एक दिवस निभावलं, रोज नाही गं निभत.”

आज धाकटीही मोठी झाली आहे. माझे दात झिजलेत. लहान मुलं पाठीवर बसतात, मी त्यांना जपून फिरवतो.

तुम्हाला ताई कुठे भेटली, तर तिला एवढंच सांगा. माफी मागायचं तोंड मला नाही. पण तिने मला कधी एक चापटसुद्धा मारली नाही, एक वाकडा शब्द बोलली नाही, आणि तेच सोसवत नाही. म्हणावं, एकदा ये. माझ्यावर पोटभर रागाव. मी या वेळी पळणार नाही.