शेवटच्या बाकापर्यंत

"मागे काहीच ऐकू येत नाही हो," शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या माना माइकवाल्याकडे वळल्या. एरवी तो तिथे बसलेला असतो हेही कुणाच्या गावी नसे.

प्रार्थनागृहाचा माइक तो एकोणीस वर्षं सांभाळत होता. हीच आपली प्रार्थना, असं मानायचा. आजच्या प्रवचनाचा विषय आठवडाभर आधीच फळ्यावर लागला होता: पुरुषाने पुरुषाशी संसार करणं हे पाप. त्याच्या घरात राहणाऱ्या शिंप्याला लोक भाडेकरू समजत. अकरा वर्षं एका ताटात जेवणारा भाडेकरू!

सकाळी शिंपी म्हणाला होता, "आज नको जाऊस. माझ्यासाठी एवढं कर."

"देवाच्या घरचं काम आहे रे."

"मग मी येऊन बघतो, तू काय करतोस ते. पुढचं तिथेच ठरवीन."

आणि खरंच, तो दाराशी येऊन बसला होता.

वायर जोडापाशी तुटली होती, हे माइकवाल्याने हात लावताच ओळखलं. मशीनच जळालं, असं सांगितलं असतं तरी कुणाला काय कळणार होतं?

"होईल ना रे बाळा?" प्रवचन थांबवून बसलेल्या गुरुजींनी मायेने विचारलं.

"होईल, गुरुजी."

त्याने वायर सोलली, पीळ दिला, पट्टी गुंडाळली. काम नेहमीसारखंच सफाईने झालं, याची त्याला लाज वाटली.

"असल्या माणसांची प्रार्थना देव ऐकत नाही," गुरुजींनी वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आवाज खणखणीत होता.

शिंपी उठला आणि कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरत बाहेर पडला. त्याच्यामागे धावावं असं माइकवाल्याला फार वाटलं. पण चालू प्रवचनात तो कधीच जागेवरून उठला नव्हता, आजही उठला नाही. घरी पोहोचेपर्यंत शिलाई मशीन गेलेलं असणार, हे त्याला कळून चुकलं.

प्रवचन संपल्यावर आई काठी टेकत आली. तिला हल्ली कमी ऐकू यायचं.

"आज शब्द न् शब्द कळला बघ," तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पण काय रे, कोण असतील असली माणसं?"

"असतात कुठेतरी, आई," तो म्हणाला आणि खाली बसून वायर गुंडाळू लागला.