तिसरं काज

गणवेशाच्या कोटांना हाताने काजं करणाऱ्या त्या दोघी जावा. एकाच घरात नांदल्या, एकाच कारखान्यात सुई धरली, पण स्वभाव म्हणाल तर दोन टोकं. धाकटी म्हणजे लोण्याचा गोळा. कारखान्याच्या मास्तरांची कात्री, त्यांचं अक्षर, अहो, मास्तरांच्या चपलासुद्धा तिने वाखाणायच्या सोडल्या नव्हत्या. त्या जोरावर पाठ टेकायला येईल अशी खुर्ची मिळवली, शनिवारी लवकर सुट्टी मिळवली. थोरलीला या लाळघोटेपणाची शिसारी यायची.

पण या महिन्यात थोरलीची अकरा काजं परत आली. अंधारा कोपरा, काळ्या कापडावर काळा दोरा आणि पन्नाशीचे डोळे. आता एक जरी परत आलं तर घरी बसा, असं मास्तरांनी सांगून टाकलं होतं. तिला खिडकीजवळची जागा हवी होती.

"मग मागा ना," धाकटी म्हणाली. "आधी दोन शब्द गोड बोला. जीभ काही झिजत नाही."

थोरली गेली. मास्तर खिडकीपाशी उभे होते, स्वतः शिवलेला नवा शर्ट घालून.

"शर्ट छान आहे, मास्तर," ती कशीबशी म्हणाली. तिथंच थांबायचं की नाही? पण जित्याची खोड. "फक्त तिसरं काज तिरकं आहे."

खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या. मास्तरांचे कान लाल झाले. संपलं, आता डबा उचलायचा आणि चालू पडायचं, असं थोरलीला वाटलं.

तेवढ्यात धाकटी उठून आली. "बघू? खरंच की. मास्तर, कॉलर तुमच्या हातची, ते सांगायला नको. पण काजं दुसऱ्या कुणाला दिलीत ना करायला? तुमच्या हातून असं होणं नाही."

काजं मास्तरांचीच होती, हे अख्ख्या खोलीला ठाऊक होतं.

"हो," मास्तर घुटमळत म्हणाले. "जरा घाई होती."

"तरीच. पण तुमची पारख मानली बाई. लोक म्हणतात हिला दिसत नाही, तरी तुम्ही हिला ठेवून घेतलंत. बघा, उजेडात आली आणि चार हातांवरून काज पकडलं."

मास्तरांनी खिडकीतले तागे हलवायला लावले आणि तिथं स्टूल ठेवलं.

थोरली बसली. पहिल्याच खेपेला दोरा सुईत गेला आणि तिचे डोळे भरून आले. जिला आजवर नावं ठेवली, तिच्या अंगात केवढी कला होती.

संध्याकाळी घरी जाताना ती म्हणाली, "तुझ्यासारखी हुशार बाई आपल्या घरात दुसरी नाही गं."

बारा वर्षांत पहिल्यांदाच. धाकटी थबकली, तिला नीट न्याहाळून म्हणाली, "काय हवंय, जाऊबाई?"