पिवळ्या कापडाची साक्ष

त्या रविवारी लालमतीच्या बैठक्याचं अंगण इतकं भरलं की दोघेतिघे फणसाच्या झाडावर चढून बसले. बैठका म्हणजे गावातल्या, पिढ्यांपूर्वी या बेटावर येऊन राहिलेल्या मराठी मंडळींची पत्र्याची खोली. तिथं मुलं बाराखडी गिरवायची, बायका भजनं म्हणायच्या आणि वर्षातून एकदा गणपती बसायचा. गणपतीलाही एवढी गर्दी होत नसे. पण गणपतीनं कधी साबणातून रक्त काढून दाखवलं नव्हतं, आणि करुणानंद महाराज ते दर रविवारी दाखवत होते.

महाराज चौरंगावर बसले होते. उजव्या हाताला वेताची लहानशी टोपली, तिच्यात एक पांढरा ससा. त्याचं नाव शांती. डाव्या हाताला एक पिवळंधमक कापड, गंगा तलावाच्या पवित्र पाण्यात एकवीस दिवस भिजवलेलं. निदान महाराज तसं सांगत होते.

"ज्या मातेच्या मनात किंतु असेल तिनं आपल्या घरचा साबण पुढे आणावा," महाराज म्हणाले. "माझा नको. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. विश्वास पीतांबरावर ठेवा."

राजलक्ष्मी पुढे आली. ती महिला मंडळाची अध्यक्ष, त्यामुळे किंतु असो नसो, पुढे येणं तिला भाग होतं. तिच्या हातात गुलाबी साबणाची कोरी वडी होती. महाराजांनी वडी पाण्यात बुडवली, पिवळ्या कापडावर दोनदा घासली आणि कापड उंच धरलं. त्यावर लालभडक ओरखडे उमटले होते.

"आयो!" फणसावरून कुणीतरी म्हणालं.

"हे त्या मुक्या जीवाचं रक्त, माते. कंपनीनं लपवलं, दुकानदारानं लपवलं. पीतांबरापासून काय लपणार?" मग त्यांनी पितळी ताटातली एक चपटी डबी उघडली. डबीवर ओम, कमळ आणि सशाचं चित्र होतं आणि नाव होतं 'करुणालेप'. त्यातली बोटभर मलई कापडाच्या दुसऱ्या टोकाला फासली. पिवळं ते पिवळंच राहिलं. टोपलीतल्या शांतीनं नाक हलवलं, आणि शांतीनं आशीर्वाद दिल्याचं महाराजांनी जाहीर केलं. खरं तर तिला सकाळपासून कुणी पानसुद्धा घातलं नव्हतं. गर्दी सशांच्या कळवळ्यानं जमली होती, तेव्हा समोरच्या सशाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पहिल्या रांगेत निर्मला बसली होती. तिचे डोळे भरून आले होते. हे सगळं तिच्यामुळे सुरू झालं होतं आणि तिला त्याचा मनापासून अभिमान होता.

तिची भाची इंद्राणी इंग्लंडमध्ये नर्स होती. सन एक्याऐंशीच्या सुरुवातीला तिचं पत्र आलं, सोबत वर्तमानपत्राचं कात्रण. कात्रणात सशांची रांग होती. त्यांची डोकी फळ्यांच्या फटींत अडकवलेली, आणि कोट घातलेला एक माणूस त्यांच्या डोळ्यांत शाम्पूचे थेंब टाकत होता. बायकांच्या डोळ्यांना चुरचुरू नये म्हणून आधी सशांचे डोळे जाळतात, असं इंद्राणीनं लिहिलं होतं. यापुढे आपण जीवांना न छळता केलेल्याच वस्तू वापरणार, मावशीनंही तसं करावं. निर्मलानं ते पत्र भजनाला जमलेल्या बायकांपुढे मोठ्यानं वाचलं. सगळ्या रडल्या. पत्राच्या शेवटच्या ओळी तेवढ्या तिनं गाळल्या. त्या फार रुक्ष होत्या, रडू ओसरलं असतं.

राजलक्ष्मीनं ही हकिगत माएबूर्गला आपल्या माहेरी सांगितली. पुढच्याच महिन्यात माएबूर्गच्या बसमधून करुणानंद महाराज ससा घेऊन उतरले. दया इतक्या वेळेवर धावून येते याचं कुणाला नवल वाटलं नाही.

निर्मलाच्या घरात तेव्हा लग्न होतं. मुलगी चंद्रिका मे महिन्यात पितों गावच्या जयरामला द्यायची ठरली होती. मुलगी शिकलेली, हुशार, तोंडानं जरा फटकळ. पण पितोंची विहीणबाई बघायला आली तेव्हा चहाचा कप ठेवता ठेवता म्हणून गेली होती की पोर गोड आहे, थोडी उन्हात कमी फिरली असती तर बरं. ते वाक्य निर्मलाच्या काळजात रुतून बसलं होतं. करुणालेपानं पाप तर टळतंच, वर कांतीही उजळते, असं महाराज म्हणाले तेव्हा तिला एका फेरीत दोन कामं झाल्यासारखं वाटलं. तिनं घरातले साबण फेकले, सहा डब्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं मुलीच्या चेहऱ्यावर लेप चोळू लागली.

आठ दिवसांत चेहरा उजळला. निर्मला गावभर सांगत फिरली. तिसऱ्या आठवड्यात गालांची आग होऊ लागली, कातडीचे पापुद्रे सुटले, डाव्या गालावर काळपट चट्टा उठला. निर्मला घाबरून महाराजांकडे गेली. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की वर्षानुवर्षं चोळलेल्या साबणांचं पाप बाहेर पडतंय, लेप दुप्पट करा.

"आई, जळतंय गं," चंद्रिका म्हणायची.

"थोडं सोस, बेटा. पाप भायेर पडतंय."

चित्रातल्या सशाचे डोळे जिला बघवले नव्हते, ती बाई पोटच्या पोरीचा चेहरा रोज दोनदा बघत होती आणि चोळत होती. तिची माया खोटी नव्हती. बघणं तेवढं तिनं दुसऱ्यावर सोपवलं होतं.

पुढं जे झालं ते धुण्याच्या दगडावर. नात्यातल्या देवराजची हळद शुक्रवारी झाली होती, आणि हळदीची धुणी घ्यायचं काम गावात वर्षानुवर्षं निर्मलाकडे होतं, कारण तिच्या हातून डाग निघायचे. सोमवारी सकाळी ती घरामागच्या दगडावर चादर पसरून बसली. धुण्याचा निळा साबण तेवढा घरात उरला होता. तो अंगाला लागत नाही म्हणून त्याचं पाप धरायचं नाही, अशी सवलत महाराजांनीच दिली होती. तिनं चादर भिजवली, साबण फिरवला. हळदीचे डाग लालभडक झाले.

ती पुढचा हात मारणार तोच थांबली.

हे तिनं हजारदा बघितलं होतं. हळदीच्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, खळबळून पाण्यात काढला की पुन्हा पिवळा पडतो. ती सून म्हणून आली तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, लाल बघून भिऊ नको. गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. त्याच बायका रविवारी तेच लाल बघून पदरानं डोळे टिपत होत्या, आणि त्यांत सगळ्यात पुढे ती होती. मधे चौरंग आणि ससा आला एवढंच. निर्मलाला स्वतःचा असा राग आला की तिनं साबण आपटला.

मग ती कामाला लागली. चुलीतली राख ओली करून चादरीच्या डागावर घासली. लाल. पानाचा चुना लावला. लाल. खायचा सोडा लावला. तोही लाल. शेजारच्या हिराकाकी खोबरेल तेलाचा साबण घरीच करायच्या, त्यात नारळाखेरीज कुणाचा जीव गेला नव्हता. तो लावल्यावर डाग सगळ्यात जास्त लाल झाला. शेवटी तिनं त्या लालीवर लिंबू पिळलं. क्षणात पिवळं. रक्तावर लिंबू पिळून हळद होत नाही, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

ती तरातरा घरात गेली आणि लेपही डागावर लावून बघावा म्हणून करुणालेपाची डबी आणून आधी तिच्यावरचा चिकटा धुवायला बादलीत बुडवली. डबी निसटून तळाला गेली. ती शोधून वर काढेपर्यंत ओम, कमळ आणि ससा वेगळे होऊन पाण्यावर तरंगत होते. कागद भाताच्या पेजेनं चिकटवला होता. खाली पत्र्यावर इंग्रजी छापलं होतं. तिनं चंद्रिकाला हाक मारली.

चंद्रिकानं वाचलं. गोरं करायचं मलम. त्यात मर्क्युरी. खाली बारीक अक्षरात, जास्त दिवस वापरू नये.

"मर्क्युरी म्हंजे?" निर्मलानं विचारलं.

"पारा. तापाच्या नळीतला." चंद्रिकानं डबी दगडावर ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "सशावर प्रयोग नाय केला म्हणत होते ना, आई? बरोबर हाय त्यांचं. माज्यावर केला."

निर्मला दगडावर बसली आणि रडली. पत्र वाचताना रडली होती त्यापेक्षा हे रडणं फार वेगळं होतं. त्याच दुपारी ती मुलीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी डबी वाचली, चेहरा बघितला आणि सांगितलं की आता चेहऱ्याला काहीही लावायचं नाही. आग थांबेल, पण चट्टा लग्नापर्यंत जाणार नाही, कदाचित पुरता कधीच जाणार नाही.

शनिवारी तिनं नवऱ्याला, गोवर्धनला, मिस्ये ली यांच्या लाबुतिकातून, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातून, एक जिन्नस आणायला सांगितलं. तो जिन्नस घरात कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता. गोवर्धननं एकदाच विचारलं, कशाला? उत्तर ऐकल्यावर तो पिशवी घेऊन निघाला.

रविवारी पुन्हा अंगण भरलं. महाराजांनी किंतु असलेल्या मातेला बोलावलं तेव्हा निर्मला उठली. तिच्या हातात केळीच्या पानावर एक पांढरा गोळा होता. इंग्लंडहून भाचीनं धाडलेलं क्रीम आहे, जीव न छळता केलेलं असं म्हणतात, पण खात्री तुम्हीच करा, असं ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण समोरच्याला होती, तेव्हा तिनं तेवढं चालवून घेतलं.

महाराजांनी गोळ्यातला थोडा भाग बोटानं उचलला, पिवळ्या कापडावर घासला, पाणी शिंपडलं, वाट पाहिली. पिवळं. ते प्रसन्न हसले. "निष्पाप आहे, माते. एका मुंगीलाही यात दुःख नाही. अगदी लेपाच्या तोडीचं."

"डुकराची चरबी हाय ती," निर्मला म्हणाली. "मिस्ये लीच्या दुकानातली."

महाराजांनी हात झटकला आणि कुठं पुसावा ते न कळून तसाच हवेत धरला. फणसावरून हसू फुटलं. निर्मला थांबली नाही. महाराज प्रसाद म्हणून वाटत ती होमाची राख तिनं त्यांच्याच ताटातून चिमूटभर घेतली, ओली केली आणि त्यांच्याच पीतांबरावर घासली. लाल रेघ उठली.

"तुमच्या विभूतीत कुणाचं रक्त हाय, महाराज?"

महाराज म्हणाले की शक्ती कोपली आहे. राजलक्ष्मीही म्हणाली, निर्मला, देवाच्या माणसाशी असं वागू नये. तेव्हा निर्मला बायकांकडे वळली.

"राजीदीदी, हळदीचं लुगडं तू कवा धुतलं नाय का? साबण लावला की काय होतं?"

मागं हिराकाकी मोठ्यानं म्हणाल्या, "लाल होतं. आन काय होणार?" आणि मग एकेक बाई दुसरीकडे बघू लागली. चाळीस बायकांना एकाच वेळी आपली धुणी आठवली.

निर्मलानं लिंबू पिळून सगळी लाली घालवली. सांगितलं की हे गंगा तलावाचं तेज नाही, हळदीत बुडवलेलं फडकं आहे. खार लागला की लाल, आंबट लागलं की पिवळं. साबणात खार असतो, चरबीत नसतो. जीव मेला की जगला हे फडक्याला कळत नाही. मग तिनं डबीचा सुटलेला कागद आणि खालचं इंग्रजी फिरवलं, आणि चंद्रिकाला पुढे बोलावलं. चंद्रिका आली, चेहऱ्यावरचा पदर काढून उभी राहिली. यानंतर कुणी हसलं नाही.

"हे मी केलं," निर्मला म्हणाली. "यानं डबी दिली, पण चोळलं माज्या हातानं. इंद्राणीच्या पत्रातल्या शेवटच्या ओळी मी तुमाला वाचून दावल्या नव्हत्या. आज वाचते." तिनं पत्र उलगडलं. "'मावशी, नुसतं कुणी सांगितलं म्हणून घेऊ नकोस. डबीवर काय लिहिलंय ते वाच. समजलं नाही तर विचार, आणि कुणी सांगेना तर ती वस्तू ठेवून दे.'" पत्र घडी करून ती म्हणाली, "सशाची दया करा. मी तर करणारच. पण आपल्या डोळ्यांनी बगून करा."

महाराज कापड घेऊन बसच्या थांब्याकडे गेले. टोपली विसरले. शांती त्या दिवसापासून हिराकाकींच्या परसात राहते. ती कुणाला आशीर्वाद देत नाही, मुळ्याची पानं खाते.

सशांची गोष्ट मात्र खरीच होती. भजनाच्या बायकांनी दोन कंपन्यांना पत्रं धाडली. एकीचं उत्तर आलं, दुसरीचं आलं नाही, आणि दुसरीचा साबण लालमतीत कमी खपू लागला.

मे महिन्यात चंद्रिकाची हळद झाली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळद फक्त हातापायांना लावली. पितोंची विहीणबाई आली, गालावरचा चट्टा तिनं बघितला. तो कसा आला हे निर्मलानं तिला पहिल्यापासून सांगितलं, उन्हात फिरण्याविषयीच्या त्या वाक्यासकट. विहीणबाईनं स्वतः हळदीची वाटी उचलली आणि मुलीच्या पायांशी बसली.

तेवढ्यात राजलक्ष्मी पावडरची नवी डबी घेऊन लगबगीनं आली. चट्टा जरा झाकला तर फोटोत बरं दिसेल, तिचा हेतू चांगलाच होता. तिनं झाकण उघडलं.

"काकी," चंद्रिका म्हणाली, "वर काय लिवलंय?"

राजलक्ष्मी थबकली. तिनं झाकण परत लावलं, चष्मा घरी राहिला होता म्हणून डबी हात लांब करून धरली, आणि सगळ्या मांडवासमोर एकेक अक्षर लावत वाचायला लागली.