आतल्या बाजूची कडी

कागद पाण्यात घातला आणि तिसऱ्या मिनिटाला चित्रातली कडी हलली. आधी वाटलं, पाणीच हललं असेल. मग कडीच्या खालच्या टोकातून केसाएवढा बारीक जांभळा धूर निघाला. शाई सुटत होती.

मी कागद दुरुस्त करते. जुनी पत्रं, नकाशे, चित्रं. फाटलेलं सांधायचं, डागाळलेलं धुवायचं, कसरीने खाल्लेलं भरून काढायचं, एकतीस वर्षं हेच. राग माझ्या नाकावर असतो, हे मला कुणी सांगायला नको. पण माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींना मी एकच गोष्ट ओरडून ओरडून शिकवली आहे. शाईचं चित्र पाण्यात घालण्याआधी प्रत्येक वेगळी रेघ तपासायची. ओल्या ब्रशाचं टोक टेकवायचं, वर टीपकागद दाबायचा. टीपकागदावर रंग उतरला तर पाण्याचं नाव काढायचं नाही. एकीने एकदा यात कुचराई केली, तेव्हा मी तिला असं झापलं की ती आठवडाभर फिरकली नाही.

आणि त्या सकाळी मी तीन जागा तपासल्या. केस, पाऊल, पायाशी काढलेली एक चप्पल. तिन्ही पक्क्या निघाल्या आणि मी कागद ट्रेमध्ये सोडला. कडी तपासली नाही, कारण चित्र दादाचं होतं. माझा सख्खा मोठा भाऊ. उभ्या जन्मात त्याने एकाच जातीची काळी शाई वापरली, वाळल्यावर नळाखाली धरली तरी न हलणारी. त्या शाईच्या बाटल्या लहानपणी मी धुतल्यात. परक्याचं चित्र असतं तर वीस जागा तपासल्या असत्या.

चित्र असं आहे. कागदभर एक बाई समोर तोंड करून उभी. डोक्याच्या जागी छप्पर, केसांच्या जागी चुलीचा धूर. पायाशी चपलाच चपला, बायकांच्या, पुरुषांच्या, पोरांच्या, मी एकदा मोजल्या तर सव्वीस जोड निघाले. छातीत दार, अर्धं उघडं, आणि उघडलेल्या फळीच्या आतल्या बाजूला एक कडी. एवढीशी, नखाएवढी. पण दादाचं नाव झालं ते या कडीने. ही बाई दार लावून घेऊ शकते, तरी लावत नाही, यावर शहाण्यासुरत्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली. दोन वर्षांपासून दादाचा उजवा हात थरथरतो. आता तो चित्र काढत नाही. संग्रहालयाने त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरवलं आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ती कडीच मोठी करून छापली. चार वाजता त्यांची गाडी चित्र न्यायला येणार होती.

त्यात आदल्या दिवशी भिंतीतला नळ गळला, चौकटीमागून पाणी शिरलं आणि बाईच्या पायाशी पिवळा डाग पडला. चित्र घराबाहेर न्यायला दादा तयार होईना. म्हणून मीच ट्रे, टीपकागद, फळ्या घेऊन त्याच्या घरी आले होते आणि मागच्या खोलीत मोरीशेजारी टेबल मांडलं होतं.

आता दोनच वाटा होत्या. कागद तसाच उचलला, तर छातीवर जांभळा डाग कायमचा बसणार. धुवत राहिले, तर डाग जाईल आणि कडीही जाईल. मी धुवत राहिले. ट्रेमधलं पाणी चारदा बदललं. हात एकदाही हलला नाही, पण दात इतके आवळले होते की जबडा दुखायला लागला. शेवटी कागद स्वच्छ झाला. पायाशी पडलेला डागही गेला होता. छातीतलं दार मात्र उघडं आणि कोरं.

कागद टीपकागदांत घालून फळ्यांखाली दाबला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"झालं का गं, छोटे?" दादाने जेवताना विचारलं. चोपन्न वर्षांची झाले तरी मी त्याची छोटीच.

"दाबाखाली आहे. तीनपर्यंत उघडायचं नाही."

"डाग?"

"गेला."

"बघ!" तो वहिनीला म्हणाला. "सांगितलं नव्हतं, हिच्या हातात जादू आहे?"

मी भात नुसता चिवडत होते. वहिनीने माझ्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती शाळेत शिकवायची. चाळीस पोरांमध्ये खोटं बोलणारं एक पोर तिला पाठमोरी असताना कळायचं. तिने माझ्या वाटीत आणखी एक पळी आमटी वाढली.

दर अर्ध्या तासाने मी टीपकागद बदलायला जात होते आणि दर वेळी मनात एकच विचार येत होता, तुझ्याकडे काळी शाई आहे, निब आहे, हात स्थिर आहे. दोन मिनिटांचं काम. कुणाच्या बापाला कळणार नाही. पण आमच्या धंद्यात रेघ जपायची असते, काढायची नसते. तीन वाजता मी दादाला आत बोलावलं.

"दादा, माझ्या हातून फार मोठी चूक झालीय," मी म्हटलं आणि फळी उचलली.

तो वाकून बघत राहिला. ओरडेल असं वाटलं होतं, निदान खुर्चीत तरी बसेल. तो नुसता बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. भीती होती. पकडला गेलेला माणूस असा दिसतो.

"मी रेघ तपासली नाही. तुझीच शाई म्हणून," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "मी हात लावणार नाही, तो माझा हक्क नाही. तू काढ. थरथरली तर थरथरू दे, पण तुझी असेल."

त्याने निब हातात घेतली. रद्दीच्या कागदावर एक कडी काढली. ती कोळ्याच्या पायासारखी वाकडी आली. दुसरी काढली. तिसरी अर्धवट सोडून त्याने निब खाली ठेवली.

"दादा, अरे, त्या एकाच रेघेला वेगळी शाई कशी?"

मी दिवा उचलून कागदाच्या कडेला आडवा धरला, चिरा बघायला आम्ही धरतो तसा. दाराच्या फळीवर कडी दिसली. शाई गेली होती, पण निबेने पाडलेली चर धुऊनही बुजली नव्हती. इतकी खोल, की कागद फाटायचाच बाकी होता. दादाची रेघ कागदावर कधीच अशी रुतत नाही. पिसासारखा हलका हात त्याचा. ही रेघ रागाने काढलेली होती.

"ही तुझी नाही," मी म्हणाले.

"नाही." त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला. "हिची आहे."

वहिनी दारात उभी होती. कधी आली कळलंच नाही.

"वह्या तपासायचं पेन होतं," ती म्हणाली. "काळी शाई, दुकानातली साधी. ते हाती लागलं."

मग तिनेच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात. त्या वर्षी घरात नेहमी सात-आठ माणसं पडलेली असायची. दादाचे शिष्य, शिष्यांचे मित्र, मित्रांच्या बायका. दादाने ही बाई काढली आणि हौसेने वहिनीला दाखवली. "बघ, ही तू. सगळ्यांना उघडी." तिने बघितलं. सव्वीस जोड चपला. दुपारी तो बाहेर गेला, तेव्हा वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून तिने कडी काढली.

"मला वाटलं, हे चिडतील. भांडतील," ती म्हणाली. "ह्यांनी बघितलं. चार दिवसांत सगळी माणसं आपापल्या घरी गेली. ते बरंच केलं म्हणा. आणि मग ह्यांनी खाली एकट्याची सही केली."

"सांगणार होतो मी," दादा म्हणाला.

"एकोणतीस वर्षं?"

मला दादाचा इतका राग आला की मी दिवा आपटलाच. ज्या भावाच्या जिवावर मी आयुष्यभर फुशारक्या मारल्या, तो दुसऱ्याच्या रेघेवर हारतुरे घेत बसला होता, आणि जिची रेघ, ती त्याच समारंभांत मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चारला दहा कमी होते.

"काढशील?" दादाने वहिनीला विचारलं.

"काढीन की." तिने पदराला हात पुसले. "छोटे, तुम्ही लोक चित्राबरोबर तो कागद देता ना, काय दुरुस्त केलं त्याचा?"

देतो. दुरुस्तीची नोंद. तिच्याशिवाय संग्रहालय चित्र घेत नाही. त्यात काय गेलं, काय नव्याने केलं, कुणाच्या हातून, हे सगळं लिहायचं असतं आणि खाली मालकाची सही लागते.

"त्यात खरं लिही. मग काढते."

मी लिहिलं. आधी माझी चूक, पूर्ण वाक्यात. मग, दारावरची कडी मूळची चित्रकाराच्या पत्नीची, पाण्यात गेली, तिनेच पुन्हा काढली. वहिनीचं पूर्ण नाव लिहिलं. कागद दादापुढे सरकवला. पुन्हा हॉर्न वाजला.

तो नोंद वाचत होता. दोनदा वाचली. एका सहीने मुखपृष्ठ, लेख, भाषणं, सगळं दुसऱ्याच्या नावावर जाणार होतं. त्याचा हात टेबलावर टकटक आवाज करत होता आणि तो थांबवायचा प्रयत्नही त्याने सोडून दिला होता. मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्याने सही केली. वेडीवाकडी आली, पण वाचता येत होती.

"झालं," तो म्हणाला. मग लहान मुलासारखं विचारलं, "आता कडी नाही काढली तरी चालेल ना? कागदावर तर आलंच सगळं."

"सही तुमची," वहिनी म्हणाली. "कडी माझी."

ती खुर्चीवर बसली. चष्मा पुसला. मी तिच्याकडे निब दिली आणि शाईची बाटली पुढे केली, तिने ती उचलून उजेडात धरली.

"ही पाण्याने जाते?"

"नाही."

"बघ हं. मागच्यासारखं नको."

मी दिवा पुन्हा आडवा धरला. तिने निब जुन्या चरीत टेकवली आणि एका दमात कडी ओढली. दादा शेजारी उभा राहून तिचा हात बघत होता. गाडीवाला आत येऊन विचारायला लागला, तेव्हा शाई वाळायला दहा मिनिटं लागतील, असं दादानेच त्याला सांगितलं.