एक फटका जास्त

"हलला," चॅम्पियन म्हणाला. "मी काठी टेकवली आणि चेंडू हलला. माझा एक फटका वाढवा."

गोल्फची ही एक गंमतच आहे. मैदान एवढं अफाट, पंच पुरणार कुठे कुठे? म्हणून खेळाडूनं स्वतःच स्वतःची चहाडी करायची. सोबतच्या खेळाडूला काही दिसलं नव्हतं. पंचानं दोनदा विचारलं, "नक्की ना?"

"नक्की."

चार दिवसांच्या स्पर्धेतल्या दुसऱ्या दिवसाचा खेळ संपत आला होता. आता जास्त फटके लागलेले निम्मे खेळाडू घरी जाणार होते, आणि त्या एका फटक्यानं तोही त्यांच्यात गेला. कित्येक वर्षांनी त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं मोठा करंडक जिंकला, तेव्हापासून घरीदारी तो चॅम्पियनच. बायकोसुद्धा 'दार लावून घ्या, चॅम्पियन' म्हणायची. पुढे पाठ गेली, हात थरथरू लागले, खेळाचा वीट आला. पण सांगायचं कुणाला? मेहुणा त्याचा मॅनेजर, बहीण त्याच्या नावाची अकादमी चालवायची, भाचा तिथंच शिकवायचा. निम्मं घर त्याच्या नावावर नोकरीला होतं. 'पुरे' हा शब्द जिभेवर यायचा आणि तो आवंढ्याबरोबर गिळून टाकायचा. प्रायोजक कंपनीच्या कराराची अट मात्र सरळ होती: वर्षातून एकदा तरी स्पर्धेचे शेवटचे दोन दिवस खेळायचं, नाहीतर करार संपला. वर्षातली ही शेवटची स्पर्धा होती. कुणालाही न दुखवता सुटायची वाट त्याला सापडली होती.

कपडे बदलायच्या खोलीत मामा त्याच्या बुटांचं गवत काढत बसले होते. मामा म्हणजे त्याचे कॅडी. बावीस वर्षं त्याची बॅग वाहत होते.

"चेंडू हलला नव्हता," मान वर न करता ते म्हणाले. "मी समोरच बसलो होतो."

चॅम्पियन बाकावर टेकला.

"दमलास?"

त्यानं मान हलवली. डोळे भरून आले त्याचे.

"मग तसं सांगायचंस की, लेका!"

"कुणाला सांगू, मामा?"

तेवढ्यात मेहुणा फोन नाचवत आत घुसला.

"भाऊजी, कमाल केलीत तुम्ही! पंचांना सांगतानाचा तुमचाच व्हिडिओ सगळीकडे चाललाय. कोणी बघत नसताना खरं बोलला म्हणून! कंपनीचे साहेब म्हणाले, जिंकणारे ढिगानं मिळतात, असा माणूस मिळत नाही. पाच वर्षांचा नवा करार करतायत!"

"आणि अट?" चॅम्पियननं कसंबसं विचारलं.

"कसली अट घेऊन बसलात! तुम्ही नुसतं खेळत राहायचं. हरलात तरी चालेल म्हणाले!"

चेंडू हललाच नव्हता हे खरं सांगितलं असतं तर तो त्याच क्षणी सुटला असता. पण बहीण, भाचा, अकादमीतली पोरं, सगळ्यांच्या तोंडाला काळं फासून. मामा त्याच्याकडे बघत थांबले. त्यानं तोंड उघडलं, ओठ ओले केले.

"बरं," तो म्हणाला.

मेहुणा फोनवर ओरडत बाहेर पळाला. मामांनी बूट जोडीनं ठेवले, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि बॅग खांद्याला लावली.

"उद्या सरावाला किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

"सातला या," चॅम्पियन म्हणाला.