केस धुवायची सुट्टी

दर पाचव्या दिवशी सरकारी अंमलदारांना केस धुवायला सुट्टी मिळे. एरवी कोठाराचे अंमलदार यिन बाओ टोपीशिवाय कुणाच्या दृष्टीला पडत नसत. पण त्या सकाळी ते जुन्या सदऱ्यात अंगणात वाकून बसले होते आणि त्यांची मोलकरीण दू मावशी राळ्याचं धुवण त्यांच्या मोकळ्या केसांवर ओतत होती. नेमके तेव्हाच भुवया लाल रंगवलेले बंडखोर दारातून आत घुसले. वेशीवर त्यांनी आधीच दोन अधिकाऱ्यांची मुंडकी टांगली होती.

बाजूला काढून ठेवलेली त्यांच्या हुद्द्याची मोहर दू मावशीने पायानेच घंगाळात ढकलली.

"अंमलदार कुठंय?" त्यांच्यातल्या एका भालेवाल्याने विचारलं.

यिन बाओ म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. खोटं बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. मान ताठ करून ते म्हणाले, "आम्ही या जिल्ह्याचे..."

फाडकन मावशीची थप्पड बसली.

"झालं याचं सुरू. काल राजा होता, आज अंमलदार. गप बस मेल्या, डोळ्यात पाणी जाईल." मग ती भालेवाल्याकडे वळली. "धाकटा भाऊ आहे रे बाबा माझा. डोक्याने गेलाय. साहेब पळाले पहाटेच, आम्हाला इथं मरायला ठेवून."

"खोटं निघालं तर आधी तुझी मान उडवीन."

"उडव की. याच्या कटकटीतून तरी सुटेन. नाहीतर यालाच घेऊन जा, खातो मात्र दोघांचं."

बंडखोर हसले आणि शेजारच्या घराकडे वळले.

ते गेल्यावर मावशी यिन बाओंकडे वळली. "साहेब, तुमच्यावर हात उचलला..." म्हणत ती पाया पडायला वाकली, पण त्याआधीच यिन बाओंनी ओल्या मातीवर कपाळ टेकलं होतं. वरिष्ठांपुढे त्यांनी जन्मभर कपाळ टेकलं, पण इतकं मनापासून कधीच नाही. आपला जीव या बाईने स्वतःची मान पुढे करून वाचवला होता.

"तुला खरंच भाऊ आहे?" इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"होता. तुमच्यासारखाच हट्टी. तुमचे शिपाई त्याला तट बांधायला वेठीला धरून घेऊन गेले, तो परत आलाच नाही." तिने डोळे पुसले. "त्या दिवशी मला काही सुचलं नाही, साहेब. आज सुचलं."

यिन बाओंना मान वर करवेना. "ताई," एवढंच ते म्हणाले.